मधल्या रंगाची जबाबदारी

गेल्या वर्षी एका छोट्या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ करण्याचे काम आम्हां काही शिक्षक-विद्यार्थ्यांकडे आले. आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या कविता त्यांच्या वह्यांतून उतरवून घ्यायच्या आणि वर्गणी काढून त्यांच्या तीनशे प्रती छापायच्या, असे ठरले होते. चित्रकाराला मानधन देण्याइतके पैसे उरले नव्हते. संग्रहातील निम्म्याहून अधिक कविता संध्याकाळच्या. तेव्हा मुखपृष्ठावर संध्याकाळ हवी याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. आमच्यापैकी एकाने संगणकावर चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर उघडले, वरच्या टोकासाठी निळा रंग निवडला, खालच्या टोकासाठी पिवळा, आणि माउसने वरून खाली एक रेघ ओढली. क्षणार्धात पान भरले. संध्याकाळ तयार झाली, असे आम्ही समजलो.

मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मध्ये ही धूळ कसली?"

निळ्या आणि पिवळ्याच्या मधोमध एक मळकट करडा पट्टा पसरला होता. तो आमच्यापैकी कुणीही निवडलेला नव्हता. पानाचा सर्वांत मोठा भाग मात्र त्यानेच व्यापला होता.

प्रस्तुत लेख त्या पट्ट्याविषयी आहे. एका रंगातून दुसऱ्या रंगात क्रमाने जाण्याच्या या सोयीला सॉफ्टवेअरच्या भाषेत 'ग्रेडियंट' म्हणतात. मराठीत त्यासाठी एकच एक शब्द रूढ झालेला नाही. आम्ही येथे 'रंगसंक्रमण' म्हणू. 'संक्रमण' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही. वाङ्मयेतिहास लिहिताना ज्या काळाविषयी नेमके काय म्हणावे हे सुचत नाही, त्याला आपण 'संक्रमणकाळ' म्हणून पुढे जातो. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, दोन टोके ठरवली म्हणजे मधले आपोआप ठरते, हा समज रंगांच्या बाबतीत फसवा आहे आणि वाचनाच्या बाबतीत तो अधिकच महागात पडतो. मध्य हा स्वतंत्रपणे पाहावा लागतो, आणि तो न पाहण्याची सवय आपल्याला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

*

प्रथम त्या धुळीचे कारण पाहू. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग तीन आकड्यांनी सांगितला जातो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या पद्धतीत यांतील प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान असतो, म्हणजे प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. उदाहरण सोपे व्हावे म्हणून शुद्ध रंग घेऊ. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. कारण पडद्यावर पिवळा हा लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या मिश्रणातून होतो. आता मधल्या बिंदूवर कोणता रंग द्यायचा हे यंत्राने कसे ठरवावे? ते साधी सरासरी काढते. ० आणि २५५ यांची सरासरी सुमारे १२८. तिन्ही आकडे १२८ आले. तिन्ही आकडे सारखे असले की रंग उरत नाही, करडा उरतो. आमची धूळ ती हीच. यंत्राचा हिशेब अचूक होता. चूक असलीच तर हिशेबावर विसंबणाऱ्यांची होती.

आमच्यातील एकाने लगेच आठवण करून दिली की लहानपणी पोस्टर कलरच्या निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होत असे. तेही खरेच. रंगद्रव्ये प्रकाश शोषून घेतात. निळ्या आणि पिवळ्या द्रव्यांनी आपापला वाटा शोषून घेतल्यावर जो प्रकाश परत येतो, तो बहुधा हिरवट असतो. इंद्रधनुष्यातही पिवळ्या आणि निळ्याच्या मध्ये हिरवाच आहे. शाळेत 'तानापिहिनिपाजा' पाठ करताना आपण 'पि' आणि 'नि' यांच्यामध्ये 'हि' घोकतो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात या अखंड पट्ट्याचे सात भाग कल्पिले ते संगीतातील सात स्वरांशी जुळणी साधण्यासाठी. निसर्गाने तेथे सात रेघा आखून ठेवलेल्या नाहीत.

आता पैठणीकडे पाहू. तिच्यातील 'धूपछाव' हा प्रकार अनेकांच्या घरात असेल. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. येथे निळ्या धाग्याने आपला निळेपणा सोडलेला नाही आणि पिवळ्याने पिवळेपणा. दोन्ही धागे पूर्णपणे आपापल्या रंगाचे आहेत. बदलते ती पाहणाऱ्याची जागा.

म्हणजे टोके तीच, निळा आणि पिवळा. पण पडद्यावर त्यांचा मध्य करडा, रंगाच्या वाटीत हिरवा, इंद्रधनुष्यातही हिरवा परंतु वेगळ्या कारणाने, आणि पैठणीत मध्य असा नाहीच. तेथे केवळ एक चकाकणारे दुहेरीपण आहे. दोन टोकांवरून मध्य काढता येतो असे म्हणणाऱ्याला आम्ही विचारू: कोणत्या साधनातला?

*

धूळ घालवण्याचा उपाय सोपा होता. रंगसंक्रमणाच्या पट्टीवर मध्येच एक खूण करून तेथे हवा तो रंग देता येतो. सॉफ्टवेअर तिला 'स्टॉप' म्हणते, मराठीत थांबा. आम्ही मध्ये नारिंगीचा एक थांबा दिला. करडा पट्टा गेला, आणि दूरचित्रवाणीवरच्या कोणत्याही जाहिरातीत शोभेल अशी संध्याकाळ पानावर आली. आम्ही समाधान पावलो. नमुना छापून आणला.

छापील नमुन्यात वरच्या निळ्या भागात आडवे पट्टे दिसत होते, जणू आकाशाला पायऱ्या काढल्या आहेत. छपाईकडे बोट दाखवण्याचा मोह झाला, पण दोष आमच्याच फाईलमध्ये होता. वरचा निळा आणि त्याखालचा निळा यांत फारसे अंतर नव्हते. समजा, दहा सेंटिमीटर उंचीत निळ्याच्या अवघ्या वीस पायऱ्या येत असतील, तर प्रत्येक पायरी अर्ध्या सेंटिमीटरची होणार. अखंड वाटणारे हे संक्रमण मुळात पायऱ्यांचेच असते. पायरी रुंद झाली की ती उघडी पडते.

शिवाय डोळा ती पायरी आहे त्याहून ठळक करून दाखवतो. दोन छटांच्या सीमेवर प्रत्यक्षात नसलेली उजळ आणि काळपट रेघ आपल्याला दिसते, हे एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिले. त्याच्याही आधी, १८३९ साली, पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगकामाची जबाबदारी सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने शेजारशेजारचे रंग एकमेकांचे रूप कसे पालटतात यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. रंगसंक्रमणावर एकाच करड्या रंगाची पट्टी आडवी ठेवून पाहावी. ती पट्टी एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिकी दिसू लागते. पट्टी बदललेली नसते, तिचा शेजार बदललेला असतो.

पायऱ्या लपवण्याचा उपाय मात्र आम्हांला विचार करायला लावणारा होता. सीमेवरचे काही पिक्सेल इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे, कोणताही नियम न पाळता, पेरून द्यायचे. याला 'डिदर' म्हणतात. थोडे कण मुद्दाम मिसळूनही हाच परिणाम साधतो. संक्रमण गुळगुळीत दिसावे म्हणून त्यात खरखर मिसळावी लागते. हिशेब जितका शुद्ध, तितका तो कृत्रिम दिसतो.

हाताने काम करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी शिकावी लागत नसे. जपानी काष्ठठशांच्या छपाईत 'बोकाशी' नावाची रीत आहे. छापणारा कारागीर लाकडी ठसा ओला करतो, एका कडेला रंग लावतो आणि ब्रशने तो असा पसरवतो की कडेकडून आत जाताना रंग विरत जावा. होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत (सुमारे १८३१) किंवा हिरोशिगेच्या एदो नगरीच्या दृश्यांत (१८५६ ते १८५८) आकाशाच्या वरच्या कडेला जो निळा गडद होत जातो, तो या रीतीने. चित्रकार वेगळा, ठसा कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. आकाशाचे विरणे छापणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. ते प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करावे लागे, म्हणून दोन प्रतींतली आकाशे तंतोतंत सारखी नसत. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातील शिळाछापही असाच. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि देवीच्या गालावरचा उजेड सावलीत कसा उतरतो हे त्या दगडांवर बारीक ठिपके देऊन कारागिराने ठरवायचे. घरोघरच्या भिंतींवर टांगलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांतील एकही मधली छटा आपोआप आलेली नव्हती.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'पूर्वीचे सारे सोने, आताचे सारे पितळ' हा राग आळवण्याचा आमचा हेतू नाही. बोकाशीची ठरीव, बाजारी आकाशेही पुष्कळ छापली गेली असणार. फरक एवढाच की त्या कारागिराला मधली छटा टाळून पुढे जाता येत नव्हते. बरी असो वा वाईट, ती त्याला करावीच लागे. आपल्याला ती टाळता येते, आणि टाळली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

*

मुखपृष्ठाकडे परत येऊ. पट्टे गेले, धूळ गेली, नारिंगी झळकू लागला. तरीही त्या विद्यार्थिनीचे समाधान होईना. ती म्हणाली, "सर, आपण एकदा गच्चीवर जाऊन पाहू या का?" आम्ही थोडे हसलो, पण गेलो. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस होते, आकाश स्वच्छ होते.

पश्चिमेला निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये करडा नव्हता, आमचा नारिंगीही तेथे नव्हता. नारिंगी क्षितिजाला चिकटून होता. त्याच्या वर पिवळा. आणि पिवळा ते निळा या वाटेवर एक अतिशय फिका, जवळजवळ रंगहीन उजेड होता, ज्यात कुठे कुठे हिरवट झाक असल्याचा भास होत होता. त्याला मराठीत काय म्हणावे यावर आमचा बराच वेळ गेला. कुणी मोतिया म्हणाले, कुणी केतकी. अंजिरी, आमसुली, अबोली, पारवा, राखी, शेवाळी, विटकरी, डाळिंबी, मोरपंखी अशी फळाफुलांवरून, पक्ष्यांवरून आणि मातीवरून रंगांना नावे देणाऱ्या भाषेचे आम्ही अध्यापक. पण आकाशाच्या त्या पट्ट्याला नाव देताना अडखळलो. ते अडखळणे त्या संध्याकाळचा खरा लाभ होता.

मग कुणीतरी मागे वळून पाहिले. पूर्वेला, म्हणजे आमच्या पाठीमागे, क्षितिजाशी निळसर राखी रंगाचा एक जाड थर चढत होता आणि त्याच्या वर मंद गुलाबी पट्टा होता. तो राखी थर म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य खाली जातो तशी ती पूर्वेकडून वर सरकते आणि काही मिनिटांतच रात्रीत मिसळून जाते. वरच्या गुलाबी पट्ट्याला पाश्चात्त्य भाषांत 'व्हीनसचा पट्टा' म्हणतात. संध्याकाळ म्हणताच पश्चिमेकडे तोंड करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आणि तेथे, गच्चीवर उभे असताना, आम्हांला जे आठवायला हवे होते ते आठवले. आमच्या सहकाऱ्यांच्या घराची गॅलरी पूर्वेला होती. आम्ही त्या गॅलरीत अनेकदा चहा घेतला होता. खाली येऊन कविता पुन्हा वाचल्या. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून मजल्यामजल्याने वर सरकत जाणारा उजेड, काळवंडत जाणारी झाडे, एकेक करून लागणारे दिवे, उशिरा परतणारे पक्षी. संग्रहात संध्याकाळ सर्वत्र होती आणि मावळता सूर्य एकदाही नव्हता. आम्ही पाने उलटून मोजले. एकदाही नव्हता.

या कविता आम्हीच वह्यांतून उतरवल्या होत्या. मुद्रिते दोनदा तपासली होती. तरी मुखपृष्ठ करताना 'संध्याकाळ' हा शब्द ऐकताच आमच्या हाताने निळा आणि पिवळा ही टोके निवडली. सॉफ्टवेअरने मधला रंग सरासरीने काढला. आम्ही तर कवितासंग्रहच सरासरीने काढला. जगातल्या सगळ्या संध्याकाळींची सरासरी घेतली आणि ती एका माणसाच्या नावावर लावली. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे 'संहितेकडे या' असे सांगणाऱ्यांना हे लाजिरवाणे वाटले, आणि म्हणूनच हा लेख.

*

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकाने 'हळूहळू' हा शब्द किती वेळा येतो याची नोंद ठेवून पाहावी. 'मराठी कविता हळूहळू आधुनिक होत गेली.' 'ग्रामीण जीवन हळूहळू बदलत गेले.' 'नायिकेला हळूहळू आत्मभान येते.' हा 'हळूहळू' म्हणजे आपले रंगसंक्रमणाचे अवजार होय. दोन टोके ठरवायची आणि मध्ये हा शब्द ओढायचा; पान भरते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही रीत ते आपल्या टिपणांतून शिकतात.

केशवसुत हे एक टोक आणि मर्ढेकर हे दुसरे, अशी रेघ आपण फळ्यावर किती सहजपणे ओढतो! ही रेघ निरुपयोगी नाही. परंतु तिच्या मध्ये प्रत्यक्षात काय आहे? मर्ढेकरांचेच पाहा. 'शिशिरागम' १९३९ चा आणि 'काही कविता' १९४७ चा. 'हळूहळू'च्या न्यायाने पहिला संग्रह दुसऱ्याचा फिका अवतार ठरायला हवा. तो तसा नाही. त्याचे वळण आणि त्याचा स्वर आधीच्या भावकवितेच्या जवळचे आहेत. दुसऱ्यात भाषेचा पायाच हललेला आहे. येथे उतार नाही, पायरी आहे. ती पायरी गुळगुळीत करून दाखवणे म्हणजे तीत घडलेले नाकारणे.

किंवा बहिणाबाईंचे उदाहरण घ्या. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. मर्ढेकरांचा 'आणखी काही कविता' १९५१ चा. प्रकाशनाच्या सालाप्रमाणे पट्टीवर हे दोन रंग एकमेकांना खेटून बसतात. पण ज्या पट्टीचे एक टोक केशवसुत आणि दुसरे मर्ढेकर, तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूवर बहिणाबाई सापडणार नाहीत. निळा आणि पिवळा यांची कितीही बारीक सरासरी काढली तरी तीतून कुंकवाचा रंग निघत नाही. अशा वेळी आपण काय करतो? पट्टी बदलत नाही. त्या कवयित्रीला 'स्वतंत्र प्रवाह' असे म्हणून पट्टीच्या बाहेर काढतो.

याहून नाजूक प्रकार व्यक्तिरेखांच्या बाबतीत होतो. अलीकडे समीक्षेत आणि परीक्षणांत एक वाक्य फार रूढ झाले आहे: 'ही व्यक्तिरेखा काळी किंवा पांढरी नसून करड्या छटांची आहे.' हे वाक्य लिहिले की लेखकाला आणि समीक्षकालाही सूक्ष्मतेचे प्रमाणपत्र मिळते. आमच्या मुखपृष्ठावरील धुळीने आम्हांला या वाक्याविषयी साशंक केले. करडा हा सूक्ष्मतेचा रंग असेलच असे नाही. पुष्कळदा तो दोन स्पष्ट रंगांनी एकमेकांना रद्द केल्यावर उरलेला शिल्लक आकडा असतो.

कर्ण घ्या. त्याचे दातृत्व खरे आहे, आणि द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून तो जे बोलतो त्यातील क्रौर्यही खरे आहे. या दोहोंची सरासरी काढून 'बरावाईट माणूस' असे म्हटले तर कर्ण उरत नाही. त्याच्या दातृत्वात क्रौर्याची भेसळ नाही आणि क्रौर्यात दातृत्वाची सवलत नाही. दोन्ही धागे पुऱ्या रंगाचे आहेत, धूपछावीच्या पदरासारखे. आपण कोठे उभे राहून पाहतो यावर कोणता रंग वर येणार ते ठरते, आणि दुसरा त्या वेळीही तेथेच असतो. करड्या छटा शोधणारा वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. धूपछाव पाहणाऱ्याला तशी सोय नाही.

*

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, यंत्रे आता सुधारली आहेत. हे खरे आहे. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये आता रंगसंक्रमणाच्या गणनेचे पर्याय दिले आहेत. त्यांतील एक पद्धत आकड्यांच्या साध्या सरासरीऐवजी मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या अंतराच्या हिशेबाने चालते. तिच्या मुळाशी असलेली 'ओकेलॅब' नावाची मांडणी २०२० साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीने निळ्या-पिवळ्याचा मध्य काढला तर तो अधिक उजळ येतो आणि त्यात किंचित निळसर-हिरवट झाक येते. फिकेपणा मात्र राहतोच. हिशेब डोळ्याच्या जवळ आला, ही मोठी गोष्ट आहे, आणि आम्ही ती कृतज्ञतेने वापरतो. पण तोही दोन टोकांवरूनच केलेला हिशेब आहे. पाठीमागच्या पूर्वेची वार्ता त्याला कोण देणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सामान्यीकरणाशिवाय इतिहास लिहिता येत नाही आणि वर्गात शिकवताही येत नाही. पन्नास मिनिटांच्या तासात प्रत्येक छटा कशी दाखवणार? आमचे उत्तर त्या अवजारातच आहे. पट्टीवर थांबे वाढवता येतात. संपूर्ण आकाश दाखवणे कुणालाच शक्य नाही, पण दोन थांब्यांऐवजी पाच देता येतात, आणि प्रत्येक थांबा प्रत्यक्ष पाहून देता येतो. केशवसुत ते मर्ढेकर या रेघेवर विद्यार्थ्याने स्वतः वाचलेल्या तीन कविता तीन ठिकाणी ठेवल्या आणि त्यांच्यामुळे रेघ वाकडी झाली, तर ती वाकडी रेघ कोणत्याही मार्गदर्शकातील सरळ रेघेपेक्षा अधिक मोलाची आहे. आम्ही यंदापासून एक छोटा नियम करून पाहत आहोत. निबंधात 'हळूहळू' आणि 'संक्रमणकाळ' हे शब्द वापरायचे असतील, तर लगेच पुढच्या वाक्यात मधला एक तरी नेमका बिंदू सांगायचा: कोणती कविता, कोणता प्रसंग, कोणती ओळ. निबंध आखूड झाले आहेत. काहींच्या बाबतीत तर मधले काहीच वाचलेले नाही हे उघड झाले, आणि त्यांत आमच्यापैकीही काही जण निघाले.

मुखपृष्ठ शेवटी त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच अवजाराने केले. तळाशी राखी, त्यावर मळका गुलाबी, त्यावर तो मोतिया की केतकी हे न ठरलेला उजेड, आणि मग निळा. सहा थांबे झाले. प्रत्येक थांब्याच्या रंगासाठी आम्ही दोन संध्याकाळी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो, आणि तरी छापून आल्यावर गुलाबी थोडा अधिकच चढलेला दिसतो. पुस्तक हातात घेणाऱ्या अनेकांनी विचारले, "संध्याकाळच्या कविता आणि सूर्य कुठे आहे?" आम्ही त्यांना कविता वाचायला सांगितल्या.